हवेतलं बोट

— हात काढ! शटरवरचा हात काढ आधी, मग काय ते बोल. हां. बाहेर एवढी पाटी लावलीय, ‘शटरला हात लावू नये, हाक मारावी’, तांबड्या अक्षरांत, ती काय शोभेला? वाचता येतं ना? मग वाचायचं. अर्धं शटर खाली आहे म्हणजे आत माणूस पाठ टेकून बसलाय, चारपर्यंत क्लास नाही, एवढं कळायला पदवी लागत नाही. बरं, आलीस ना वाकून आत, आता उभी राहा तिथंच. पायपुसण्यावर. बस म्हणत नाही, कारण जे सांगायचंय ते उभ्याउभ्या संपण्यासारखं आहे — आणि ती गिटार भिंतीला टेकवू नकोस, रंग निघतो. भिंतीचा.

ओळखलं की! न ओळखायला काय झालं? गेल्या रविवारची, सतरा नंबर, जेवणाच्या सुट्टीआधीची शेवटची. माझ्या पोटात कावळे कोकलत होते आणि मी तुझं ऐकत बसलो होतो. तर हे बघ बाई, निकाल लागला की लागला. मंडळानं छापला, फळ्यावर लावला, विषय संपला. परीक्षकाच्या घरी येऊन — घर काय, क्लास काय, सगळं हेच, मी वर माळ्यावर राहतो — घरी येऊन डोळ्यांतून पाणी काढलं की नापासाचं पास होत असतं, तर आम्ही परीक्षा घेतल्याच नसत्या, रुमाल वाटले असते. — नाही रडत? बरं, नाही रडत. मी आपलं आधीच सांगून ठेवलं.

हा कसला कागद? आण इकडे. चष्मा — हा काय, कपाळावरच आहे. ‘फेरविचाराचा अर्ज’. वा! नियम पाठ करून आलीयस. पंधरा दिवसांच्या आत परीक्षकानं स्वतः शेरा बदलून सही केली तर मंडळाला मान्य — आहे, आहे असा नियम, मला नको शिकवूस, बावीस वर्षं परीक्षक आहे मी, आणि बावीस वर्षांत एकदाही तो वापरलेला नाही. एकदाही! आणि हे खाली वाचलंस का? ‘बदलाचे कारण, परीक्षकाच्या हस्ताक्षरात’. काय लिहू कारण? उमेदवार भर दुपारी शटरखालून वाकून आली म्हणून? — कुठली शाळा? बरं, असेल. संगीत शिक्षिका. चार वर्षं हंगामी, आता कायम करतायत, आणि सोमवारी प्रमाणपत्र दाखवलं नाही तर जागा दुसऱ्याला. कळलं. कळलं गं, एकदा सांगितलंस की कळतं मला. पण शाळेतल्या पोरांची काळजी आहे म्हणूनच नापास केलंय तुला! उद्या तू तिथं उभी राहणार, समोर चाळीस पोरं, आणि ती चाळीसच्या चाळीस तुझ्यासारखं बोट हवेत धरून — नाही. माझ्या सहीनं नाही. घे हा कागद.

काय चुकलं विचारतेस? वर तोंड करून विचारतेस! बरं, काढ गिटार. काढ म्हणतो ना. हुरळून जाऊ नकोस, पास करायला नाही, चूक दाखवायला, म्हणजे परत कुणाच्या दारात जाऊन ‘सर, माझं काय चुकलं’ करायला नको. त्या स्टुलावर बस. सूर जुळवलेला आहे? असू दे, तसाच. सी लाव. सगळ्यात सोपा, पहिल्या दिवसाचा, सी मेजर. — हं. बघ. बघ ना स्वतःच्या हाताकडे! हलवू नकोस, तसाच ठेव. सगळ्या जगात सी कसा लावतात? पहिलं बोट दुसऱ्या तारेवर, मधलं चौथीवर, अनामिका पाचवीवर. कुठलंही पुस्तक उघड, पहिल्या पानावर हेच चित्र. आणि तू? तू मधल्या बोटापासून सुरुवात करतेस. मधलं, अनामिका, करंगळी. आणि हे पहिलं बोट, हे काय करतंय? हवेत उभं! जणू काही वर्गात प्रश्न विचारायचाय. एफ लाव आता. एफला काय करतात, पहिलं बोट आडवं झोपवायचं, सहाही तारा एका बोटाखाली, नवशिक्यांचं रक्त निघतं तिथं, माझं निघालंय. आणि तू बघ! अंगठा वरून घेतलास, जाड तारेवर, मधलं बोट दोन बारीक तारांवर चेपलंस, पाचवी तार मुकी करून टाकलीस — आणि पहिलं पुन्हा हवेत. दाखव ते बोट. इकडे कर हात. जखम? मोडलं होतं कधी? नाही ना? वाकव. सरळ कर. चांगलं धडधाकट बोट आहे! देवानं दिलेलं फुकट चाललंय ते!

कुणी शिकवलं — नको. नाव सांगू नकोस. मला नाव लागत नाही. रविवारी तू दारातून आत आलीस, गिटार मांडीवर घेतलीस आणि पहिला कॉर्ड लावलास, तेव्हाच कळलं मला कुठल्या घराचं पाणी आहे ते. म्हटलं, आली. एवढ्या वर्षांनी त्याचं कुणीतरी माझ्यासमोर आलंच. गिटारचा शेरा माझाच चालतो, बाकीचे दोन परीक्षक कागदावर काहीतरी लिहीत होते, त्यांना काय कळतंय, त्यांना वाटलं असेल नवीन पद्धत. पद्धत! तुला तरी काय वाटलं, ही पद्धत आहे? अगं, त्याला वरचं पेरच नाही त्या बोटाला! सात वर्षं समोर बसलीस — नऊ? — नऊ वर्षं समोर बसलीस आणि तुझ्या डोक्यात आलं नाही, की हा माणूस तीन बोटांनी वाजवतो ते त्याचा नाइलाज आहे म्हणून? मास्तर लंगडा म्हणून वर्गानंही लंगडत चालायचं? — तो म्हणाला? त्यानं तुला सांगितलं होतं, ‘तू चारी बोटं वापर’? मग? — तुला तसंच ऐकू येतं. म्हणजे काय तसंच ऐकू येतं? त्या तीन बोटांतून जो आवाज येतो तोच तुला हवा होता. काहीतरीच. नाचता येईना अंगण वाकडं. आवाज तारेतून येतो, बोट मोजून येत नाही.

वस्ताद म्हणायचे सगळे. मीही म्हणायचो. एकोणीस वर्षांचा होतो मी, शिवणयंत्रं दुरुस्त करायचो, हेच दुकान, माझ्या वडिलांचं, हे बघ फरशीवरचे तेलाचे डाग अजून गेले नाहीत. आणि हा वर माळ्यावर भाड्यानं राहायला आला. खाली मी मशीनचं चाक फिरवतोय आणि वरून हा सूर सोडतोय. एक दिवस खाली आला आणि म्हणाला, चाक जरा सावकाश फिरव, तुझा ताल पुढे पळतो. माझ्या मशीनचा ताल! त्या दिवसापासून सात वर्षं. पहाटे पाचला उठून, दुकान उघडायच्या आधी दोन तास, आणि एक दिवस चुकवला नाही. ताप असताना गेलोय. आईला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा गेलोय. म्हणून मला सांगू नकोस वस्ताद काय चीज होता ते, तू पाहिलास तो उरलेला. मी सगळा पाहिलाय.

काय बघतेस? जिना आहे. जिना बघितला नाहीस का कधी? — आकडे, हो, आकडे आहेत. एक ते बारा, प्रत्येक पायरीवर. माझी पद्धत आहे ती. पोरांना कागदावर समजत नाही, म्हणून मी — हसलीस? का हसलीस? — त्याच्याकडेही आहे. तिथंही रंगवलेत त्यानं. पांढऱ्या रंगानं? हं. बरं. बरं, त्याचीच आहे पद्धत, झालं समाधान? त्यानं घर घेतलं की आधी पायऱ्या मोजायचा, बारा असतील तरच भाडं ठरवायचा, असला विक्षिप्त. मला या फरशीवर उभं करायचा. म्हणायचा, ही फरशी म्हणजे सा, आता चढ. दोन चढ, दोन चढ, एक चढ. मग दोन, दोन, दोन, आणि एक. बाराव्या पायरीवर पुन्हा सा, वरचा. झाला मेजर! सहा महिने जे माझ्या टाळक्यात शिरत नव्हतं ते पायांत शिरलं. आणि मग कॉर्ड शिकवताना — स्वतः फरशीवर उभा राहायचा, मला चौथ्या पायरीवर, आणि दूधवाल्याला, खरं सांगतो, दूध घालायला आलेल्या माणसाला हाताला धरून सातव्या पायरीवर. म्हणायचा, आम्ही तिघं मिळून मेजर. आता तू एक पायरी खाली ये. मी तिसरीवर आलो. म्हणाला, बघ, कुणी मेलं नाही, कुणी गेलं नाही, तू फक्त एक पायरी उतरलास आणि घरात दुःख आलं. हा मायनर. दूधवाला म्हणाला, मास्तर, मी जाऊ का?

हसू नकोस. हसण्यासारखं काही सांगत नाहीये मी.

आणि आकडे मी पुसले नाहीत म्हणून तू काय समजशील ते समज. उगाच कशाला खर्च करायचा रंगावर. पोरांना उपयोग होतो. आणि माळ्यावर राहतो म्हणून आयत्या बिळावर नागोबा म्हणायचं असेल तर म्हण, पण बीळ माझ्या वडिलांचं होतं, नागोबा तो होता. — मी चिडत नाहीये. माझा आवाजच असा आहे.

ती भिंतीवरची तसबीर? हो, मीच. डावीकडून दुसरा, गिटार घेतलेला, पांढरा कोट. मोठा वाद्यवृंद होता, बावीस माणसं, दौऱ्यावर होतो आम्ही, मोठमोठी नाट्यगृहं, मी त्यात पहिला गिटारवाला. पहिला म्हणजे एकटाच, पण पहिलाच. म्हणजे मी काही नुसता चार भिंतींत बसून पोरांची बोटं बघणारा नाही. — साल? खाली लिहिलंय बघ. — हो, तेच साल असेल. त्याच्या बोटाचं साल काय मी लक्षात ठेवलंय? — हिशेब कसला करतेस तू? उन्हाळ्यात ते झालं आणि पावसाळ्यानंतर मी दौऱ्यावर गेलो, म्हणजे काय, दुनिया थांबायची? जागा रिकामी होती, त्यांना माणूस हवा होता, पत्र इथल्याच पत्त्यावर आलेलं. त्याला आलेलं. बरोबर. त्यालाच बोलावलं होतं त्यांनी. पण बोट नाही तर तो काय करणार होता तिथं जाऊन, पडदा ओढणार होता?

अपघात होता. तुला माहीत असेलच, त्यानं सांगितलं असेल तिखटमीठ लावून. हे शटर तेव्हा असंच होतं. स्प्रिंग गेलेली. दोघं लागायचे उघडायला, एकानं वर ढकलून दोन्ही हातांनी धरून ठेवायचं, दुसऱ्यानं खाली लोखंडी नळी उभी करायची, टेकू म्हणून, मग सोडायचं. ती बघ, तीच नळी, कोपऱ्यात. आता मी एकटा करतो, अर्ध्यावर साखळीला अडकवतो, मग नळी. शिकलोय. कुणाला जवळ येऊ देत नाही. तर त्या दिवशी सकाळी तो नळी लावत होता आणि शटर आलं खाली. आलं म्हणजे आलं. मी तर आत होतो. मशीनपाशी. मला आवाजच ऐकू आला फक्त. — धरलं कुणी होतं म्हणजे? मी — हे बघ, तू मध्ये मध्ये बोलू नकोस. धरलं मीच होतं. मशीनपाशी नंतर गेलो, फडकं आणायला. हात तेलकट होते माझे. सकाळी सकाळी एका यंत्रात तेल घातलं होतं, हात पुसायचे राहिले, आणि निसटलं. शटर जड असतं. कुणाच्याही हातून निसटेल. तुझ्या निसटेल. त्यात कुणाचा दोष?

आणि मला काय कमी भोगावं लागलं? दवाखान्यात कोण घेऊन गेलं? मी. तीन महिने कोण त्याचं जेवण वर पोचवत होतं? मी. आणि वरून काय ऐकत होतो खाली बसून, माहितीय? ‘टक्’. नुसतं ‘टक्’. पहिलं बोट नाही म्हणून मधल्यानं तार दाबायचा, ती नीट दाबली जायची नाही, मुका आवाज. दिवसभर. टक्, टक्. बावीस वर्षं वाजवलेला माणूस पहिल्या दिवसाचा सी लावायला शिकत होता. मी चाक जोरात फिरवायचो म्हणजे ऐकू येऊ नये. एक शब्द बोलला नाही मला. शिवी दिली नाही. शिवी तरी द्यावी ना माणसानं! मग मी दौऱ्यावर गेलो, आणि परत आलो तेव्हा माळा रिकामा. केरसुणी फिरवून गेला होता. किल्ली त्या खिळ्याला अडकवलेली. आणि त्यानंतर तो तिकडे, तुमच्या गावात बसून, सगळ्यांना सांगत सुटला असणार — म्हणूनच माझ्याकडची चांगली पोरं गेली त्याच्याकडे, एक नाही, दोन नाही, चार. म्हणून मी पण सांगायला लागलो. खोटं नाही सांगितलं काही. सांगितलं, त्याची बोटं चुकीची आहेत, त्याच्याकडे गेलात तर हात बिघडतील, परीक्षेत मार खाल. आणि खाल्लास ना तू? मी म्हटलं तसंच झालं.

काय? — परत बोल. — ‘माझीच चूक, मी घाईत हात घातला.’ असं म्हणतो? — प्रत्येकाला? तुझ्यासमोर कुणी विचारलं होतं? आणि दुसऱ्या कुणाचं नाव? — नाही घेतलं. कधीच नाही? दारू प्यायल्यावर, चिडल्यावर — पीत नाही. हो, नाही पीत तो. — तुला तर माहीतच नव्हतं शटर कुणाच्या हातात होतं. आत्ता कळलं. मीच सांगितलं आत्ता.

मग पोरं का गेली त्याच्याकडे?

राहू दे. त्याचं उत्तर नको देऊस. हात दाखवून अवलक्षण करून घ्यायची हौस मला नाही. — पाणी? नको. मला काही झालेलं नाही. या पायरीवर जरा टेकतो, इतकंच, तुझ्यामुळे दुपारची झोप गेली. तू ठेव ती गिटार पिशवीत आणि नीघ. कागद घे तुझा.

मी इथं परीक्षक आहे, हे त्याला माहीत होतं? रविवारी तुला पाठवलं तेव्हा? — हं. आणि काय म्हणाला? काहीतरी म्हणालाच असेल, जपून राहा, तो डूख धरून असणार, असं काहीतरी. — मी ऐकतोय, बोल. — काय म्हणाला? ‘तिथं तो असेल तर घाबरू नकोस.’ पुढे. — ‘त्याचा कान चांगला आहे. तो ऐकेल.’

खोटं बोलतेस. पास व्हायला बोलतेस. — नाही, असं तो म्हणणंच शक्य नाही, कारण मला माहितीय तो काय म्हणाला होता! त्याच दारात, तिथं, तू आत्ता जिथून वाकून आलीस तिथं! मी दोन्ही हातांनी शटर धरलेलं डोक्यावर, तो खाली वाकून नळी लावतोय, आणि मी म्हटलं, वस्ताद, यंदा वाद्यवृंदात मला पाठवा. सात वर्षं झाली. पत्रात लिहा की माझा शिष्य येतोय. काय चुकीचं मागितलं? आणि तो हसला असता ना, तर बरं झालं असतं. हसला नाही. वर बघून इतक्या शांतपणे म्हणाला, ‘तुझी बोटं माझ्यापेक्षा चांगली आहेत. पण तुला कान नाही. तू बघून वाजवतोस. थांब अजून.’ थांब! सव्वीस वर्षांचा होतो मी. नळीच्या टोकावर त्याचा डावा हात होता. दिसत होता मला. तेल नव्हतं हाताला. सकाळचे सात वाजले होते, तेल कुठून असणार.

सोडलं मी. धरलं परत लगेच — एवढं सांगतो तुला, लगेच धरलं. पण ते तर जड असतं.

आणि दौरा तीन आठवडेच झाला. तसबीर पहिल्या दिवशीची आहे. चौथ्या आठवड्यात वाद्यवृंदाच्या मालकानं बोलावलं आणि म्हणाला, तू वाजवतोस बरोबर, पण बाकीच्यांचं ऐकत नाहीस. परत पाठवलं. झालं? मिळालं सगळं? आता जाऊन तुझ्या शाळेत सांग, मंडळात सांग, त्याला सांग. — त्याला माहीत असणारच, नाही? त्याचे डोळे माझ्याकडेच होते. कुणाच्या हातातून निसटलं आणि कुणी सोडलं, हे ज्याच्या बोटावर पडतं त्याला कळतं. आणि तरी तो तिकडे बसून ‘माझीच चूक’ म्हणतो आणि ‘त्याचा कान चांगला आहे’ म्हणतो. कशाला? मला लाजवायला? पस्तीस वर्षं मी त्याचा राग राग करून काढली बाई, आणि तिकडं त्यानं रागच धरलेला नव्हता. काय करायचं माणसानं अशा माणसाचं!

थांब. गिटार पिशवीत घालू नकोस. रविवारी तू काय वाजवलंस? — तेच विचारतोय. मला आठवत नाही. सतरा नंबर, गिटारचा हिरवा पट्टा, बोट हवेत, एवढं आठवतंय. सूर एक आठवत नाही. मी ऐकलंच नाही तुझं. सुरुवातीच्या कॉर्डलाच बोट दिसलं आणि मी शेरा लिहून टाकला, तू वाजवत होतीस तोवर मी त्या बोटाकडे बघत बसलो होतो. बघत. — वाजव. तेच. पहिल्यापासून. मी तोंड फिरवून बसतो इकडे, पायऱ्यांकडे, माझ्याकडे बघू नकोस, मी तुझ्याकडे बघत नाही. चल, कर सुरू. आणि घाबरून वाजवलंस तर अर्ध्यात थांबवीन.

हं.

…तो एफ परत एकदा. नुसता तेवढाच. — हं. पाचवी तार बंद आहे म्हणून जाड तार मोकळेपणानं बोलते. आणि तो तिसरा सूर मागून येतो, जिना चढून आल्यासारखा. चारी बोटांनी नाही येत असा. मला नाही येत. पुढे वाजव.

पुरे. पुरे गं. थांबव.

दे तो कागद. पेन आहे? सगळं घेऊन यायचं आणि पेन नाही, असली तुम्ही माणसं — असू दे, माझ्याकडे आहे. ‘बदलाचे कारण’. ‘परीक्षकाने वादन ऐकले नाही, फक्त बोटे पाहिली.’ वाच. बरोबर आहे शुद्धलेखन? सही. तारीख. बावीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तीही अशी, आता मंडळ मला बोलावणार नाही पुढच्या वेळी, ते माझं मी बघीन. आभार मानू नकोस! खबरदार आभार मानलेस तर. पास तू तुझ्या वाजवण्यानं झालीस, माझे उपकार नाहीत, आणि तुझं बोट मला अजूनही चुकीचं वाटतं. शाळेतल्या पोरांना पुस्तकातलं शिकव. चार बोटं. ज्याला तुझ्यासारखं ऐकू येईल तो आपला आपण उचलील बोट.

त्याला काही सांगू नकोस. मी भेटलो, बोललो, काही नाही. — नाही, माझा निरोप नाही. काय निरोप देणार मी? थंडीत दुखतं का गं ते बोट त्याचं? — दुखतं. कापूस गुंडाळतो. बरं. ते कशाला विचारलं मी, उगीच. जा आता. चार वाजत आलेत, पोरं येतील.

वाकू नकोस! मी पूर्ण वर घेतो शटर. तू लांब हो. अजून मागे. जिन्यापर्यंत मागे जा. दोन्ही हात पाठीमागे धर — मागे म्हटलं ना, दोन्ही! — आणि नळी मी लावल्याशिवाय हलायचं नाही. हं. बसली नळी. हलवून बघतो. बसली.

आता जा.